आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ परत बोलायला लागला : पेठेतल्या रेडिओवाल्या काकांच्या कामाचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लिहायला दोन महिने मुद्दाम थांबले. जुना रेडिओ दुरुस्त करून आणला की पहिले आठ दिवस कुठलाही वाजतो, खरं काय ते नंतर कळतं. आता पावसाळा अर्धा सरलाय, घरात सगळं दमट झालंय, कपडे वाळत नाहीयेत, पण सेट रोज संध्याकाळी तास-दीड तास वाजतोय, घूं नाही, खरखर नाही, मध्येच आवाज बसत नाही. म्हणून आता लिहिते आणि मनापासून पाचपैकी पाच देते.

काकांचं नाव, दुकानाचं नाव, नंबर यातलं काही टाकत नाहीये. त्यांनीच सांगितलंय टाकू नको म्हणून. एकटेच काम करतात, वय सत्तरीच्या पुढे, मी गेले तेव्हा बारा-तेरा सेट आधीच रांगेत होते. पुण्यात पेठांमध्ये जुने रेडिओवाले आता थोडेच उरलेत, दोन ठिकाणी विचारलं की तिसरा माणूस बरोबर त्यांच्याकडेच पाठवतो, मला पण ते तसेच सापडले.

सेट आमच्या आजोळचा. कराडला आजोबांनी १९६१ साली घेतलेला फिलिप्स, लाकडी पेटी, पुढे पियानोसारखी पांढरी बटणं, सोनेरी कापड आणि एक हिरवा डोळा, स्टेशन नीट लागलं की तो मिटत यायचा. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आजोबांनी पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक खोचून ठेवलं होतं, तेव्हा रेडिओ घरात ठेवायला दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे हे माझ्या मुलाला खरंच वाटत नव्हतं, पुस्तक दाखवलं तेव्हा पटलं. मामांनी गाव सोडलं तेव्हा सेट आईकडे आला आणि पंचवीस वर्षं माळ्यावर चादरीत गुंडाळून पडला होता.

ह्याआधी मी तो एका दुकानात नेला होता. ते म्हणाले आतलं सगळं काढून टाकू, नवीन बोर्ड बसवू, एफएम लागेल, पेन ड्राइव्ह चालेल, बाहेरनं हुबेहूब जुना दिसेल. महिनाभर ठेवून घेतला, काम तर केलंच नाही, वर एक बटण हरवून परत दिला. खरं सांगते, मी त्या बोर्डाला हो म्हणणार होते, स्वस्तात होत होतं. आईनं अडवलं. ती म्हणाली, पेटी माझ्या वडलांची राहील पण आवाज दुसऱ्याचा असेल, मग नको मला. त्या एका वाक्यामुळे सेट वाचला.

आता काकांचं काम. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नुसता एसी आहे का एसी-डीसी?" मला काय कळणार. मग त्यांनीच मागचा पुठ्ठा काढला, टॉर्च मारून आत बघितलं, ट्रान्सफॉर्मर दिसला आणि म्हणाले बरं झालं. ज्यांच्याकडे जुने सेट आहेत त्यांनी हे जरा नीट वाचा. त्या काळात काही गावांत डीसी करंट असायचा म्हणून दोन्हीवर चालणारे सेट यायचे, त्यांना मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, आतली लोखंडी चासी (सांगाडा) सरळ लाइनला जोडलेली असते, प्लग उलटा बसला तर चासीला करंट येतो. अशा सेटला बाहेरून काही जोडायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आमचा ट्रान्सफॉर्मरवाला निघाला म्हणून पुढचं सगळं करता आलं.

दुसरं म्हणजे त्यांनी सेट लगेच लावला नाही. आधी सगळे कंडेन्सर तपासले, मग सेटच्या लाइनमध्ये सिरीजला एक साधा शंभरचा बल्ब घातला आणि मग बटण दाबलं. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो, सगळं ठीक असेल तर बल्ब जरा लाल होऊन मंद राहतो. आमचा बल्ब चांगलाच पेटला. फिल्टरचा मोठा कंडेन्सर गेला होता. माझा भाऊ गेल्या गणपतीत हौसेनं हाच सेट सरळ प्लगात घालणार होता, तेव्हा नेमके लाइट गेले म्हणून राहिलं, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळून सगळा खेळ तिथेच संपला असता. त्यामुळे कृपा करा, माळ्यावरचा रेडिओ काढून थेट लावून बघू नका.

पाच व्हॉल्व्हपैकी चार चांगले निघाले, ईएल ८४ म्हणजे शेवटचा, आवाज मोठा करणारा, तेवढा बदलला. कागदी कंडेन्सर सगळे बदलले, फिल्टरचे मोठे बदलले, डायलचा दोरा तुटला होता तो नवीन ओवला (हे काम बघायला बसलेच होते, एवढासा दोरा चार चाकांवरून फिरवायचा आणि स्प्रिंगला ताण देऊन बांधायचा, त्यांचा हात जरासुद्धा थरथरत नाही), बँड स्विच साफ केला, स्पीकरच्या कागदाला एक चीर होती तिला आतून पातळ कागद चिकटवला. हिरवा डोळा मंद झालाय, तो मात्र बदलला नाही, अजून दिसतोय तर राहू दे म्हणाले. काढलेले जुने पार्ट एका डबीत घालून परत दिले. हरवलेल्या बटणाच्या जागी त्यांच्याकडच्या एका मेलेल्या सेटचं बटण बसवलं, ते थोडं पिवळट आहे, मला चालतंय.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लिहितेय ती अजून पुढे आहे.

अशा सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असतात. काकांनी तिथे बॅटरीवर चालणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला, पेटीला नवीन भोक पाडलं नाही की आतली एक तार कापली नाही, उद्या काढला तर सेट पुन्हा १९६१ चा. मी फोनवर लताबाईंचं गाणं लावायला गेले तर त्यांनी हात धरला. म्हणाले, "गाणं नको लावू, गाण्यात सगळं लपतं. माणूस बोलताना लाव, मग कळेल सेट बरा झाला का नाही." आणि स्वतःच्या फोनवरनं त्यांनी रेडिओ सिलोनवरचे जुने निवेदक अमीन सयानी लावले.

बहनों और भाइयों.

हा आवाज मी आयुष्यभर ऐकलाय, मोबाइलवर, जाहिरातीत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कोणीतरी नक्कल करताना. पण असा नव्हता ऐकला. लाकडी पेटीतून, एवढ्या मोठ्या कागदी स्पीकरमधून तो आला तेव्हा खरंच वाटलं समोर माणूस बसलाय. "ब" म्हणताना ओठ मिटलेले कळत होते. दोन वाक्यांच्या मध्ये तो थांबतो ना, ते थांबणं ऐकू येत होतं. काका डोळे मिटून ऐकत होते, मध्येच उठून मागे एक स्क्रू जरासा फिरवला आणि म्हणाले, आता झाला.

मी विचारलं हेच का लावलं. तर त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. सिलोनचा, म्हणजे श्रीलंकेतल्या रेडिओ स्टेशनचा, आवाज यायचा शॉर्ट वेव्हवर, समुद्रापलीकडून, आकाशातल्या वरच्या थरावर आपटून खाली. त्यामुळे तो लाटेसारखा यायचा, चढायचा, बसायचा, मध्येच दुसरं स्टेशन त्यात घुसायचं. दहा सेकंद आवाज गेला आणि नेमकं त्याच वेळी गाण्याचं नाव सांगितलं तर ऐकणाऱ्याचं ते गेलंच. म्हणून त्या निवेदकांनी बोलण्याची एक पद्धतच बसवली, नाव एकदा आधी, एकदा नंतर, शब्द सुटे, स्वर चढा, वाक्य लहान, आणि आवाजात हसू, कारण हसू खरखरीतून पण पोचतं. काकांचं म्हणणं असं की हे लोक माइकसाठी बोलत नव्हते, कराडच्या नाहीतर झुमरी तलैयाच्या घरातल्या सेटसाठी बोलत होते, म्हणून सेट तपासायला त्यांच्यासारखा आवाज नाही. चाळीस वर्षं ते असाच सेट तपासतात. मला हे मनापासून पटलं. तेव्हापासून मी गाण्यांच्या मधलं बोलणं पुढे ढकलत नाही, आधी नेहमी ढकलायचे.

आता थोडं ह्या माणसांबद्दल, कारण हा सेट मुळात घरात आला तो त्यांच्यामुळे. आजोबांना गाण्याची आवड होती पण आईच्या सांगण्याप्रमाणे घरातल्या सगळ्यांना हवं होतं सिलोन. ह्याचं कारण दिल्लीत आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले, आपले मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त, त्यांना सिनेमाची गाणी आकाशवाणीवर नको होती. आधी वेळ कमी केली, मग निर्मात्यांशी वाजलं आणि गाणी आकाशवाणीवरनं जवळजवळ गायब झाली. मी केसकरांना शिव्या देणाऱ्यांपैकी नाही. रेडिओवरचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, कितीतरी गवयांना त्यातून आधार मिळाला, ते खरंच मोठं काम होतं. पण लोकांना जे गुणगुणायचंय ते तुम्ही दार लावून थांबवू शकत नाही, ते खिडकीतून येतं.

ती खिडकी कोलंबोत होती. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडनं सैनिकांसाठी तिथे एक जबरदस्त ताकदीचा शॉर्ट वेव्ह ट्रान्समीटर उभा केला होता, युद्ध संपलं, तो सिलोन सरकारकडे आला, आणि क्लिफर्ड डॉड नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं त्याच्यावर जाहिरातींची व्यापारी सेवा उभी केली. सैन्यासाठी बांधलेलं यंत्र, पोच अख्ख्या भारतभर, आणि भारतात गाणी बंद. ह्याहून चांगली वेळ कुठल्या रेडिओला मिळाली असेल असं मला वाटत नाही. तिथे हिंदीत आधी विजय किशोर दुबे होते, पुढे गोपाल शर्मा आले, "आवाज़ की दुनिया के दोस्तों" म्हणणारे, मग मनोहर महाजन. सुनील दत्त सिनेमात यायच्या आधी ह्याच सिलोनसाठी नटनट्यांच्या मुलाखती घ्यायचे. सकाळी आठ वाजायच्या आत शेवटचं गाणं सैगलचं, आईच्या घरात त्यावर घड्याळ लावायचे.

आणि बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला, हिंदी सिनेमाच्या लोकप्रिय गाण्यांचा कार्यक्रम.

अमीन सयानी कोलंबोत बसून बोलायचे असं मला कित्येक वर्षं वाटायचं, तुम्हाला पण वाटत असेल. ते मुंबईत बोलायचे. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून आकाशातून परत आपल्याकडे. म्हणजे मुंबईचा माणूस कराडला ऐकायचा तर आवाज समुद्र ओलांडून जाऊन यायचा.

पहिला कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२, बुधवारच. सयानी तेव्हा विशीचे पण नव्हते, जन्म २१ डिसेंबर १९३२. कामाचे आठवड्याला पंचवीस रुपये, त्यात बोलायचं, लिहायचं, आणि आलेली पत्रं पण त्यांनीच उघडून मोजायची. एवढ्या कमी पैशात एवढं काम जुन्या लोकांना नको होतं म्हणून ते ह्या पोराकडे आलं. सुरुवातीला नंबर नव्हते, सात गाणी वाजायची, ऐकणाऱ्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. पुढे ती आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेली, मग ती पद्धत झेपेना आणि १९५४ पासून गाण्यांना नंबर लागायला लागले. नंबर हा शब्द मात्र त्यांनी वापरला नाही, "पायदान" म्हणाले, म्हणजे पायरी, आणि सगळ्यात वरचं ते "सरताज गीत". नंबर ऐकला की निकाल लागल्यासारखं वाटतं, पायरी म्हटलं की गाणं चढतंय, दमतंय, उतरतंय असं डोळ्यांसमोर येतं. हे साधं नाहीये, एका शब्दानं त्यांनी गाण्याला पाय दिले.

माझ्या मोठ्या मामाची वही अजून आहे. दोनशे पानी, दर बुधवारी रेघा मारून गाणी आणि पायदानं लिहिलेली, एखाद्या बुधवारी खालच्या तीन ओळी रिकाम्या आणि कडेला "आवाज गेला" असं लिहिलेलं. हे बघितल्यावर काकांचं लाटेचं बोलणं मला पुरतं कळलं. १९६६ च्या वर्षाच्या शेवटच्या पानावर "बहारों फूल बरसाओ" पहिलं, त्याला लाल पेन्सिलीनं चौकट. मामाला शंकर-जयकिशन आवडायचे, म्हणून चौकट. आईला ते गाणं तेव्हा आवडायचं नाही, ती मदन मोहनवाली, आणि ह्यावरनं बहीण-भावात त्या रात्री अबोला झाला होता असं ती आज पण सांगते.

आईची आणखी एक आठवण, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती म्हणते सगळे लोक सभेत "बंधू आणि भगिनींनो" म्हणायचे, हा एकटाच माणूस बहिणींना आधी हाक मारायचा. दहा-बारा वर्षांची मुलगी, घरात बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि पुरुष पुढे खुर्च्यांवर, आणि त्या पेटीतून आधी त्यांना हाक यायची. तिला तेव्हा हे शब्दात सांगता आलं नसतं पण बरं वाटायचं.

आणि हिंदी कळायचं. हे मी मुद्दाम विचारलं, कारण आजोळी सगळे मराठी शाळेतले, आजीला तर हिंदी येतच नव्हतं. आई म्हणाली त्याचं सगळं कळायचं, बातम्यांचं नाही कळायचं. ह्यामागची गोष्ट मला फार आवडते. सयानींची आई कुलसुम सयानी, गांधीजींच्या सांगण्यावरून त्या "रहबर" नावाचं पाक्षिक काढायच्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या मोठ्या माणसांसाठी, तोच मजकूर नागरी, उर्दू आणि गुजराती लिपीत. भाषा इतकी सोपी ठेवायची की नवशिक्याला अडू नये. लहान अमीन ह्या कामात हाताशी असायचे. म्हणजे ज्याला आपण रेडिओची जादू म्हणतो ती आधी प्रौढ साक्षरतेच्या पाक्षिकात शिकलेली गोष्ट आहे, शब्द सोपा ठेवायचा पण माणसाला कमी लेखायचं नाही. त्याउलट आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत ते नापास झाले होते, उच्चारात इंग्रजी आणि गुजराती फार आहे म्हणून. हे ते स्वतःच सांगायचे. मोठा भाऊ हमीद सयानी इंग्रजी निवेदनातला मोठा माणूस, त्यानं धाकट्याला स्टुडिओत नेलं, वाट दाखवली. भावाचा हात नसता तर तो नापासाचा शिक्का कदाचित कायमचा बसला असता.

इथे एक जरा लांबची गोष्ट सांगते, पण ती इथलीच आहे. तेव्हा जगात सगळीकडे हेच चाललं होतं. अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये ॲलन फ्रीड १९५१ पासून रात्री काळ्या कलाकारांच्या रेकॉर्डी लावून गोऱ्या पोरांना पण नादाला लावत होता. लंडनच्या न्यू म्युझिकल एक्स्प्रेसनं रेकॉर्डविक्रीचा पहिला तक्ता छापला तो १४ नोव्हेंबर १९५२ ला, त्यानंतर तीन आठवडे पण झाले नाहीत तोवर गीतमाला सुरू. आणि बीबीसीला रेकॉर्डी वाजवायला ठरावीक तासांचीच परवानगी, म्हणून १९६४ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर जहाज उभं करून रेडिओ कॅरोलाइन दिवसभर पॉप वाजवायला लागलं. १९६७ साली सरकारनं कायदा करून ती जहाजं अडवली, आणि त्याच वर्षी बीबीसीनं रेडिओ वन काढून जहाजावरचीच पोरं निवेदक म्हणून घेतली, पहिल्या सकाळी टोनी ब्लॅकबर्न, तो पण जहाजावरचाच. आपल्याकडे हे दहा वर्षं आधी झालंय, सिलोननं ऐकणारे पळवले म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली. फरक इतकाच की आपल्याला जहाज लागलं नाही, समुद्रापलीकडे एक अख्खा देश होता. हे सगळं काकांना सांगितलं तर ते म्हणाले त्यांच्या जहाजाला लाटा लागायच्या, आपल्या आवाजाला.

मग आता ह्या सेटवर मी ऐकते काय, कारण शॉर्ट वेव्हवर ते सिलोन काही आता तसं लागायचं नाही, आणि एफएम ह्या सेटला लागत नाही. मीडियम वेव्हवर रात्री काही स्टेशनं येतात, गच्चीवर वायर टाकली तर जास्त येतात, काकांनी खोलीत लावायची जुनी तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टी पण दिलीय. पण मुख्य ऐकते ते ब्लूटूथवर "गीतमाला की छाँव में". सारेगामा ह्या रेकॉर्ड कंपनीनं काढलेली ही मालिका आहे, सयानींनी स्वतः गीतमालेच्या जुन्या वर्षांबद्दल बोलून गाणी लावलीत. ज्यांना बुधवारचा मूळ कार्यक्रम हवाय त्यांना आधीच सांगते, हे ते नाही. हे नंतर बसून सांगितलेलं आहे, आवाज प्रौढ आहे, घाई नाही, आज काय होणार ही धाकधूक नाही, कारण निकाल सगळ्यांना माहितीये. मला ते चाललं. उलट एका माणसानं आपलंच काम इतक्या वर्षांनी परत उलगडून दाखवणं हे वेगळंच ऐकायला मिळतं. पण सुरुवात करताना कुठलंही एक जुनं वर्ष निवडा आणि सलग ऐका, गाणी तोडून तोडून ऐकलीत तर हातात नुसती गाणी येतात आणि ती तर तुमच्याकडे आहेतच.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. गीतमाला हा टूथपेस्टच्या कंपनीच्या पैशावर चालणारा कार्यक्रम होता आणि त्यात होती फक्त हिंदी सिनेमाची गाणी. माझा मामा कराडमध्ये बसून मुंबईच्या गाण्यांचे नंबर लिहीत होता, त्याच काळात मराठीत भावगीतांची काय बहार होती, त्याची अशी वही आमच्या घरात कोणी केली नाही. हे मला लागतं. दोष सयानींचा नाही, त्यांचं काम त्यांनी सोन्यासारखं केलं, पण दर आठवड्याला वाट बघायला लावणारं असं काही मराठीत त्या ताकदीनं घरोघरी पोचायला हवं होतं. लोकप्रियतेच्या मोजणीत पण गडबडी व्हायच्या, एकाच गाण्यासाठी गठ्ठ्यानं पत्रं यायची, म्हणून पुढे रेकॉर्डविक्रीचे आकडे आणि श्रोता संघांची मतं एकत्र करून पायदान ठरायला लागलं. मामाचा पण संघ होता, सात जण, शिक्का बनवून घेतला होता. शिक्का अजून वहीबरोबर आहे, आणि त्याच पिशवीत बिनाकाच्या खोक्यातून यायचे ते प्लॅस्टिकचे छोटे प्राणी, एक हत्ती, दोन हरणं.

गीतमाला १९८९ ला विविध भारतीवर आली आणि १९९४ ला थांबली, मध्ये नाव सिबाका झालं होतं. म्हणजे ज्या आकाशवाणीनं आधी गाणी नको म्हटली आणि ह्या माणसाला नापास केलं, शेवटी तिच्याच घरात कार्यक्रम आला. सयानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन, मुंबईतच. त्या दिवशी आईनं टीव्ही बंद करायला लावला आणि माळ्यावरचा सेट खाली काढ म्हणाली, ही सगळी दुरुस्ती तिथून सुरू झाली.

व्यवहाराचं सांगते. एकूण घेतले चार हजार आठशे, त्यात व्हॉल्व्ह आणि ब्लूटूथचा रिसीव्हर धरून. आधी पाचशे, बाकी काम झाल्यावर. वेळ लागला सात आठवडे, तीन सांगितले होते, आणि फोन ते दुपारी उचलतच नाहीत, संध्याकाळी सहानंतर जायचं. लाकडाचं पॉलिश करत नाहीत, ते वेगळं करून घ्या, आणि आधी करून घ्या, सेट जुळल्यावर नाही. घाई असेल तर ह्यांच्याकडे जाऊ नका, तुम्हाला पण त्रास त्यांना पण. नेताना सेट आडवा ठेवू नका, मांडीवर घ्या, आम्ही रिक्षात तसाच नेला. आणि मागचा पुठ्ठा जपा, तो नसला की पाली-झुरळं आत जातात आणि आतल्या गरम व्हॉल्व्हला हात लागतो.

घरी आणला तो बुधवार नव्हता, शनिवार होता. पण आई म्हणाली बुधवारपर्यंत थांबू. बुधवारी आठ वाजता तिनं स्वतः बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतं, तेवढा वेळ काहीच येत नाही, माझा मुलगा म्हणाला बंद पडला वाटतं, ती म्हणाली थांब, येतोय. मग हिरवा डोळा उजळला आणि हाक आली. ती खुर्चीवर पुढे बसली होती, दारात नाही. मामाला फोन लावून फोन स्पीकरसमोर धरला, तिकडून तो काही बोलला नाही, गाणं संपेपर्यंत नुसता होता.

आता मामा म्हणतोय त्याच्याकडे त्याच्या सासऱ्यांचा मर्फी रेडिओ आहे, तो पण काकांकडे न्यायचाय. त्याचा मागचा पुठ्ठा नाहीये आणि डायलची काच फुटलीये, जिच्यावर सिलोन लिहिलेलं असतं तोच कोपरा. साठ सालच्या आसपासच्या लाकडी मर्फीची काच कोणाकडे पडून असेल तर खाली लिहा, मी येऊन घेऊन जाईन, योग्य पैसे देईन.